भिंतीवरची पुराची रेघ आणि हंसातली दीर्घिका

सांगलीत गावभागात माझ्या मामांचं घर आहे. जिन्याच्या भिंतीवर मामांनी ऑइलपेंटनं दोन रेघा मारून ठेवल्यात. खालच्या रेघेशेजारी '२००५' लिहिलंय, वरच्या रेघेशेजारी '२०१९'. त्या २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४५ फूट आहे, यावरून काय ते समजा. २०२१ ला पुन्हा पाणी आलं, पण तेव्हा मामांनी रंगाचा डबा उघडलाच नाही. "किती रेघा मारायच्या?" म्हणाले. मे महिन्यात कुणी पाहुणा घाटावर फिरून आला की त्याला त्या रेघा पटत नाहीत. खाली नदी बघावी तर संथ, अंग चोरून वाहणारी, आणि हे म्हणतात पाणी जिन्यापर्यंत आलं होतं!

काही दीर्घिकांचंही असंच आहे. दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखी अब्जावधी ताऱ्यांची वस्ती. यातल्या काहींच्या दोन्ही अंगांना, शेवटच्या ताऱ्याच्याही पलीकडे लाखो प्रकाशवर्षं दूर, रेडिओ लहरी देणारे दोन अवाढव्य फुगे सापडतात. साध्या दुर्बिणीतून तिथं निव्वळ काळोख दिसतो. मधली दीर्घिका कधीकधी इतकी शांत असते, की हे तिचंच काम आहे यावर विश्वास बसू नये. पूर ओसरलेला असतो, रेघ तेवढी राहिलेली असते.

हे मी मामींना सांगायला गेलो तर त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, "रेडिओ म्हणतोस, तर मग ते बोलतात तरी काय रे?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. रेडिओ म्हटलं की आपल्या कानात आवाज येतो, त्यातून सांगलीकरांच्या कानात आकाशवाणी सांगली, मीडियम वेव्हवर १२५१ किलोहर्ट्झ. पण रेडिओ लहर म्हणजे आवाज नव्हे. ती प्रकाशाचीच बहीण, फक्त लांबी निराळी. पिवळ्या प्रकाशाची एक लहर मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही आखूड असते, आणि सांगली केंद्राची एक लहर जवळजवळ २४० मीटर लांब. केंद्रातली माणसं त्या लहरीवर निवेदकाचा आवाज चढवतात, घरातला संच तो उतरवून घेतो. दीर्घिका काहीच चढवत नाही. तिची लहर पकडून स्पीकरला जोडलीत, तर दोन स्टेशनांच्या मधे येते तशी नुसती खरखर ऐकू येईल. म्हणजे मामींना उत्तर असं, की काहीच बोलत नाहीत. पण त्या खरखरीवरून बोलणाऱ्याची तब्येत कळते.

जाता जाता आणखी एक. मीडियम वेव्हच्या लहरी वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराला ओलांडून जाऊ शकत नाहीत, परतून खाली येतात. रात्री लांबलांबची केंद्रं लागतात ती त्यामुळंच. तोच थर बाहेरून येणाऱ्या तशा लहरींनाही आत सोडत नाही. साधारण दहा मेगाहर्ट्झच्या वर, म्हणजे बऱ्याच आखूड लहरींकडं गेलं, की खिडकी उघडते.

ती खरखर पहिल्यांदा ओळखली कार्ल जान्स्की या अमेरिकन अभियंत्यानं. अटलांटिकपार रेडिओ-टेलिफोनमध्ये व्यत्यय कशामुळं येतो, हे शोधायचं काम त्याच्याकडं होतं. न्यू जर्सीत होल्मडेलला त्यानं मोटारीच्या चाकांवर फिरणारा लांबलचक अँटेना उभारला. विजांची खरखर वेगळी काढली, तरी एक बारीक सूं-सूं शिल्लक राहिली. ती रोज वाढायची आणि कमी व्हायची, पण रोज चार मिनिटं आधी. ज्यानं कधी गच्चीवर झोपून एकच तारा आठवडाभर पाहिलाय, त्याच्या हे लगेच लक्षात येईल: तारे रोज चार मिनिटं आधी उगवतात. म्हणजे आवाजाचा उगम जमिनीवर नाही, सूर्यातही नाही, ताऱ्यांच्या दुनियेत आहे. १९३३ मध्ये त्यानं जाहीर केलं की ही खरखर आकाशगंगेच्या मध्याकडून येते. खगोलशास्त्रज्ञांनी फारसं मनावर घेतलं नाही. मनावर घेतलं ते ग्रोट रेबर या तरुण अभियंत्यानं. १९३७ मध्ये त्यानं स्वतःच्या पैशानं घराच्या परसात साडेनऊ मीटर व्यासाची तबकडी बांधली, आणि बरीच वर्षं जगात हे काम करणारा तो जवळजवळ एकटाच होता. शेजारी काय म्हणत असतील, याची मला फार उत्सुकता आहे.

रेबरच्या नकाशात हंस तारकासमूहात एक ठसठशीत ठिपका आला. पुढं त्याला 'सिग्नस ए' हे नाव पडलं. १९५१ मध्ये केंब्रिजच्या ग्रॅहम स्मिथनं त्याची जागा नेमकी मोजली, मग वॉल्टर बाडे आणि रुडॉल्फ मिन्कोव्स्की या खगोलशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या पालोमारच्या २०० इंची दुर्बिणीतून त्या जागी पाहिलं, तर तिथं एक अंधुक, दूरची दीर्घिका. आजच्या मोजमापानुसार सुमारे ७५ कोटी प्रकाशवर्षं लांब. इतक्या लांबून इतकी ठळक! आणि १९५३ मध्ये रॉजर जेनिसन आणि मृणाल कुमार दासगुप्ता या जोडीनं याहून चक्रावून टाकणारी गोष्ट दाखवली. इंग्लंडात जॉड्रेल बँकला काम करणारे दासगुप्ता आपले, भारतातले. त्यांचं नाव आपल्याकडं शाळेत कुणी घेत नाही याची मला खंत आहे. रेडिओ लहरी दीर्घिकेतून येत नव्हत्याच. त्या येत होत्या तिच्या डावी-उजवीकडच्या दोन रिकाम्या जागांमधून. या टोकापासून त्या टोकापर्यंतचा पसारा साडेचार लाख प्रकाशवर्षांच्या आसपास. आपल्या आकाशगंगेच्या तबकडीचा व्यास लाखभर प्रकाशवर्षं धरतात.

नदीपासून लांब, टेकाडापलीकडं पाणी साचलेलं दिसलं तर माणूस काय म्हणेल? सांगली जिल्ह्यातला माणूस म्हणेल, पाइपलाइन असणार. म्हैसाळला कृष्णेचं पाणी पंपानं उचलायचं आणि टप्प्याटप्प्यानं चढवत कवठेमहांकाळ-जतच्या कोरड्या रानात नेऊन सोडायचं, हे आपण डोळ्यांनी पाहतो. दीर्घिकेच्या बाबतीत हे उत्तर जवळपास तंतोतंत लागू पडतं. मधे पंप आहे, दोन्ही दिशांना सरळ, चिंचोळ्या पाइपलाइनी आहेत आणि टोकाला हौद आहेत. फक्त इथं पाइपला पत्रा नाही. वेगानं सुटलेला तो झोत स्वतःच्या जोरावर आणि चुंबकीय क्षेत्राच्या विळख्यानं लाखो प्रकाशवर्षं सरळ राहतो.

पंप म्हणजे दीर्घिकेच्या गाभ्यातलं कृष्णविवर. सिग्नस ए मध्ये ते सुमारे २५० कोटी सूर्यांच्या वजनाचं आहे. कृष्णविवर सगळं गिळतं, मग त्यातून बाहेर कसं काय येतं, असं विचारणारा एक तरी विद्यार्थी दरवर्षी भेटतो. बाहेर येतं ते गिळलं जाण्याआधीचं. वायू सरळ खाली पडत नाही. मोरीच्या भोकाशी पाणी गरगरत जातं तसा तो फिरत फिरत आत सरकतो, त्याची चकती बनते, थरावर थर घासतात आणि चकती भयंकर तापते. या घसरणीत पदार्थाच्या वस्तुमानातला दहा टक्क्यांच्या आसपास भाग ऊर्जेत बदलू शकतो. सूर्याच्या पोटात हायड्रोजनचं हेलियम होताना हाच आकडा एक टक्क्याहूनही कमी, ०.७ टक्के असतो. म्हणून इतक्या छोट्या जागेतून एवढी ताकद. छोटी किती, तर त्या २५० कोटी सूर्यांच्या विवराची सीमा आपल्या सूर्याभोवती आणून ठेवली, तर ती नेपच्यूनच्या कक्षेच्या थोडी बाहेर येईल, बस्स. तेवढ्या जागेतला पंप साडेचार लाख प्रकाशवर्षांचं रान भिजवतो.

चकतीतलं चुंबकीय क्षेत्र आणि स्वतःभोवती फिरणारं विवर मिळून काही पदार्थाला अक्षाच्या दिशेनं बाहेर फेकतात, प्रकाशाच्या जवळपास वेगानं. फेकतात ते नेमकं कसं, आणि त्या झोतात इलेक्ट्रॉनांच्या जोडीला प्रोटॉन किती अन् पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचं धनभारित जुळं) किती, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. झोत असतात एवढं मात्र पक्कं. कन्या राशीतल्या एम ८७ दीर्घिकेचा झोत हेबर कर्टिस या खगोलशास्त्रज्ञाला १९१८ मध्येच फोटोत दिसला होता. 'विचित्र सरळ किरण' अशा अर्थाची नोंद करून तो पुढं गेला. याच एम ८७ च्या विवराच्या सावलीचं चित्र १० एप्रिल २०१९ ला जगभर छापून आलं.

एम ८७ मध्ये झोत एकच ठळक दिसतो. दुसरा कुठं गेला? गाळपाच्या हंगामात रात्री तासगाव रस्त्यानं येणाऱ्यांना हे समजवायला नको. उसाच्या ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर समोरून आला की डोळे दिपतात. तोच तुमच्या पुढं चालला असेल तर मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, धडकेपर्यंत पत्ता नाही. प्रकाशाच्या वेगाजवळ पळणारी वस्तू आपला उजेड पुढच्या दिशेला एकवटते. आपल्याकडं येणारा झोत झळाळतो, पलीकडं जाणारा मंदावतो. झोत नेमका आपल्याच डोळ्यांवर रोखलेला असेल, तर त्या दीर्घिकेला ब्लेझार म्हणतात. क्वेसार (म्हणजे जिचा गाभाच बाकीच्या ताऱ्यांना झाकून टाकेल इतका झळाळतो अशी दीर्घिका), ब्लेझार, रेडिओ दीर्घिका ही नावांची जंत्री पाहून घाबरायचं कारण नाही. बरेचदा ट्रॅक्टर एकच असतो, आपण कुठल्या बाजूला उभे आहोत एवढाच फरक.

आता मूळ प्रश्न. हौदात साचलेल्या त्या पदार्थातून रेडिओ लहरीच का निघतात?

इलेक्ट्रॉन सरळ रेषेत जात असला तर तो गप्प असतो. त्याला वळवलं की तो ऊर्जा सांडतो. चुंबकीय क्षेत्र इलेक्ट्रॉनला सरळ जाऊ देत नाही, गोल गोल फिरवतं. आणि इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाजवळ पळत असेल, तर प्रत्येक वळणावर तो नाकासमोर लहरींचा फवारा सोडतो. याला सिंक्रोट्रॉन प्रारण म्हणतात. हे नाव सिंक्रोट्रॉन नावाच्या यंत्रावरून पडलं. १९४७ मध्ये अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत अशा यंत्राच्या काचेच्या नळीत तंत्रज्ञांना प्रत्यक्ष उजेड दिसला होता. आपल्याकडं इंदूरला इंडस-२ नावाचं असंच कडं आहे, तिथं हाच उजेड प्रयोगांसाठी वापरतात. इंदूरमध्ये चुंबक जबरदस्त असतात. दीर्घिकेच्या हौदातलं क्षेत्र मात्र पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या हजारो पटींनी क्षीण, होकायंत्राची सुई हलणार नाही इतकं. म्हणून तिथं वळणं ऐसपैस, आणि निघणारी लहर डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाऐवजी बहुतेक रेडिओची.

हे सिंक्रोट्रॉनच, याला पुरावा काय? गरम वस्तूचा उजेड सगळ्या दिशांनी सारखा थरथरतो. सिंक्रोट्रॉनची लहर मात्र एका ठरावीक दिशेत थरथरते, कारण तिच्यामागं चुंबकीय क्षेत्राची शिस्त असते. बाडेनं १९५६ मध्ये एम ८७ च्या झोताचा उजेड असाच शिस्तीतला असल्याचं दाखवलं.

इथून पुढचा भाग मला सगळ्यात आवडतो.

इलेक्ट्रॉन ऊर्जा सांडतो म्हणजे तो म्हातारा होतो. आणि सगळे सारख्या वेगानं म्हातारे होत नाहीत. जो जास्त तेज तो जास्त उधळतो: दुप्पट ऊर्जेचा इलेक्ट्रॉन चौपट वेगानं ऊर्जा घालवतो, म्हणजे निम्म्याच काळात थकतो. तेज इलेक्ट्रॉन देतात उच्च वारंवारतेच्या, आखूड लहरी. संथ इलेक्ट्रॉन देतात कमी वारंवारतेच्या, लांब लहरी. तेव्हा पंप बंद पडला की काही कोटी वर्षांत आधी आखूड लहरी विझतात, मग मधल्या, आणि सर्वांत शेवटपर्यंत टिकतात त्या लांब लहरी. एकाच फुग्याचं चित्र दोन-तीन वारंवारतांवर घेतलं आणि कुठल्या लहरी किती उरल्यात हे ताडून पाहिलं, की त्याचं वय निघतं. मामांच्या भिंतीवर साल लिहावं लागलं, इथं रेघेच्या रंगातच साल आहे.

मग जुने, विझत चाललेले पूर शोधायचे तर लांब लहरींची चांगली दुर्बीण हवी. ती आपल्या दारात आहे. पुण्याच्या उत्तरेला, नारायणगावजवळच्या खोडदची 'जीएमआरटी', म्हणजे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी ती कल्पली. त्याआधी त्यांनी उटीला ५३० मीटर लांबीची दुर्बीण डोंगराच्या उतारावरच बांधली होती. उतार निवडला तो असा, की दुर्बिणीचा अक्ष आपोआप पृथ्वीच्या अक्षाला समांतर यावा. हा माणूस काटकसरीत कुठल्याही आजीला हरवील. खोडदच्या तबकड्यांना सलग पत्रा नाहीच, बारीक तारेची जाळी दोरखंडांवर ताणलेली आहे. लहर वीस सेंटिमीटरपासून मीटर-दोन मीटरपर्यंत लांब असेल, तर बोटाएवढ्या भोकांची जाळीसुद्धा तिला भिंतच वाटते. वारा मात्र आरपार जातो, म्हणून सांगाडा हलका आणि स्वस्त.

तीस कशाला? एका तबकडीला अर्धा मीटर लांबीच्या लहरींमध्ये पौर्णिमेच्या चंद्राएवढ्या जागेतलं वेगवेगळं काही ओळखता येत नाही, सगळं एका डागात येतं. तबकड्या २५ किलोमीटरपर्यंत पसरल्या आणि त्यांचे संकेत फायबरनं एका जागी आणून मिसळले, की २५ किलोमीटरच्या एकाच दुर्बिणीसारखं बारीक दिसतं. चौदा तबकड्या मधे जवळजवळ आहेत, सोळा तीन हातांवर पसरलेल्या. या युक्तीबद्दलचं नोबेल १९७४ मध्ये मार्टिन राइल यांना मिळालं.

मिळणारी ऊर्जा किती, याचा एकदा मी वर्गात फळ्यावर ढोबळ हिशोब केला. सिग्नस ए हा आकाशातल्या सर्वांत ठळक रेडिओ स्रोतांपैकी एक. त्याच्याकडून १५० मेगाहर्ट्झच्या आसपास, ३२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, खोडदच्या एका तबकडीवर जे काही पडतं ते सगळं साठवत गेलो, तर नऊ वॅटचा एलईडी बल्ब एक सेकंद पेटवायला पन्नास हजार वर्षांहून जास्त लागतील. अन् हा ठळक स्रोत. शेजारच्या शेतातली मोटारसायकलची ठिणगी किंवा मोबाइलचा टॉवर यापुढं राक्षस ठरतो. म्हणून दुर्बीण गावापासून लांब, डोंगरांच्या आडोशाला.

प्रत्येक रेडिओ लहर कृष्णविवराचीच असते असं मात्र समजू नका. स्फोट झालेल्या ताऱ्यांचे अवशेषही इलेक्ट्रॉनांना वेग देतात, त्यामुळं नवे तारे धडाधड बनवणाऱ्या साध्या दीर्घिकाही रेडिओत दिसतात. अंधुक स्रोतांत त्यांचीच गर्दी जास्त. उलट, गाभा धगधगत असूनही बहुतेक क्वेसार रेडिओत मिणमिणतेच असतात. जोरदार झोत असलेले साधारण दहात एक. पंप सगळ्यांकडं, पाइपलाइन थोड्यांकडं. हे असं का, याचं समाधानकारक उत्तर अजून नाही.

जुन्या रेघांकडं परत येऊ. कमी वारंवारतेच्या चित्रांमध्ये एक मजेदार जात सापडली आहे. बाहेर विझत आलेल्या फुग्यांची एक जोडी, आणि त्याच रेषेत, आतल्या बाजूला, ताज्या फुग्यांची दुसरी जोडी. पंप चालला, थांबला, पुन्हा चालला. ध्रुबज्योती सैकिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा दीर्घिकांचा अभ्यास याच जीएमआरटीवर केला. तीन-तीन जोड्या असलेल्या दीर्घिकाही मिळाल्यात, पण हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. फोटो पाहिला तेव्हा मला पहिली आठवण जिन्याची झाली. २००५, २०१९, आणि मामांनी न मारलेली तिसरी.

आपली आकाशगंगा? तिच्या मध्यातलं ४० लाख सूर्यांचं विवर सध्या सुस्त आहे. पण २०१० मध्ये फर्मी या उपग्रहाला तबकडीच्या वर आणि खाली, प्रत्येकी सुमारे २५ हजार प्रकाशवर्षं उंचीचे, गॅमा किरण देणारे दोन फुगे दिसले. ते विवराच्या जुन्या उचकीनं झाले की मध्याजवळच्या ताऱ्यांच्या स्फोटांनी, यावर वाद चालू आहे. पाणी इथपर्यंत आलं होतं एवढं नक्की.

आणि ज्यांना स्वतःच्या डोळ्यांनी काहीतरी बघायचंय त्यांच्यासाठी. मेच्या मध्यावर, रात्री दहाच्या सुमारास, जत-आटपाडीकडच्या एखाद्या अंधाऱ्या माळावर दक्षिणेकडं तोंड करून उभे राहा. हात लांब करून मूठ धरा. एक मूठ साधारण दहा अंश. क्षितिजावर एकावर एक तीन मुठी ठेवल्यात, की नरतुरंगातली 'सेंटॉरस ए' दीर्घिका तिथंच आहे, आपल्यापासून सुमारे १.२ कोटी प्रकाशवर्षं. चांगल्या द्विनेत्रीत एक पुसट कापसाचा बोळा दिसेल, तोही हवा स्वच्छ असली तर. तिचे रेडिओ फुगे डोळ्यांना दिसत असते, तर वरपासून खालपर्यंत ते जवळजवळ तुमच्या मुठीएवढे भरले असते. मामींना गेल्या वर्षी तिथं नेलं होतं. त्यांनी मूठ धरली, एक डोळा मिटला, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "एवढं पाणी?"